नऊ वर्षांची पाहुणी

आमच्या निगमाच्या वसाहतीत पाहुणा तीस दिवसांच्या वर राहिला तर त्याची परवानगी काढावी लागे, आणि ती परवानगी माझ्या टेबलावरून जायची. निगमाचं नाव सांगत नाही. भोपाळमध्ये अशी निगमं पुष्कळ होती आणि सगळ्यांच्या वसाहती सारख्याच दिसायच्या. शिवाजी नगरच्या मागच्या अंगाला पिवळे दुमजली ब्लॉक, एकेका ब्लॉकमध्ये आठ क्वार्टर, मागे कपडे वाळत घालायच्या तारा, पुढे दवाखाना, भांडार आणि आमचं इस्टेट ऑफिस. नवरा निगमात ड्राफ्ट्समन. आम्ही नाशिकहून आलो ते पाच वर्षांत परत जाऊ म्हणून. मग मी परीक्षा देऊन इस्टेटमध्ये क्लार्क लागले, मुलं इथल्या शाळेत हिंदीतून भांडायला शिकली आणि परत जायचा विषय आपोआप मागे पडला.

पाहुण्यांचा नियम काही उगाच नव्हता. लोक क्वार्टर मिळवायचे आणि त्यातली एक खोली गुपचूप भाड्यानं द्यायचे. म्हणून तो फॉर्म. त्यात पाहुण्याचं नाव, त्याच्याशी संबंध, राहण्याचं कारण. मुदत तीन महिने. पुढे राहायचं तर नवा फॉर्म, नवं कारण. अधिकारी बदलत राहायचे, मी मात्र तिथेच. ते फॉर्म वाचायचे नाहीत. मी पेन्सिलीनं बारीक फुली करून ठेवायची, तिथे सही करायचे. मला माझ्या कामाचा गर्व होता आणि तो कबूल करायला आजही लाज वाटत नाही. वसाहतीत कुणाचा अर्ज अडला की लोक म्हणत, मराठी मॅडमकडून लिहून घ्या.

आमच्या दवाखान्यात एक सिस्टर होती. उज्जैनची मराठी, पस्तिशीची, एकटी. माझ्या दोन्ही मुलांना तिनं इंजेक्शनं दिली होती आणि दोघंही तिच्यासमोर रडायची नाहीत. एके दिवशी ती पाहुण्याचा फॉर्म घेऊन आली. संबंधाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘सहेली’ आणि कारणाच्या रकान्यात ‘साथ रहेगी’. मला हसूच आलं.

“अहो सिस्टर, ‘साथ रहेगी’ हे कारण नाही. याला आमच्याकडे गुन्हा म्हणतात.”

“मग काय लिहू, ताई?”

“मावसबहीण लिहा.”

“पण ती तर इटारसीची आहे. आमच्यातली पण नाही.”

“मावशी कुठेही असू शकते.”

तिनं आपला फॉर्म परत हातात घेतला. म्हणाली, “मी खरं लिहिते ना, ताई. कोणी पूछलं तर सांगून देईन.”

“कोणी विचारू नये म्हणूनच तर फॉर्म भरायचा असतो,” मी म्हटलं आणि कोरा फॉर्म पुढे ओढून तिच्या वतीनं स्वतःच भरला. फाईलीतल्या नोटशीटवर शेरे मी घाईच्या, घसटलेल्या अक्षरात लिहायची, पण फॉर्म भरताना शाळेतलं टपोरं वळण काढायची. संबंध, मौसेरी बहन. कारण, पित्ताशयाचं ऑपरेशन आणि त्यानंतरची विश्रांती. सिस्टरनं निमूट सही केली.

ती पाहुणी लवकरच सगळ्या वसाहतीला ठाऊक झाली. टी. टी. नगरच्या बाजारात तिचा एक अरुंद गाळा होता, मिक्सर आणि पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायचा. पँट-शर्ट, खिशाला टेस्टर, कापलेले केस आणि बोटांना कायम वॉर्निशचा वास. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी दळताना ज्यांचे मिक्सर जळायचे त्या सगळ्या बायका तिच्याकडे धावायच्या आणि मिक्सर नीट झाला की तिच्याबद्दल पुन्हा कुजबुजायला मोकळ्या व्हायच्या. तिला सगळे मिक्सरवाली म्हणत. मीही तेच म्हणायची.

मला कळलं होतं का? कळलं होतं. सिस्टरची रात्रपाळी सकाळी सहाला संपायची. दवाखाना त्यांच्या क्वार्टरपासून तीनशे पावलांवर. तरी मिक्सरवाली रोज सहाला स्कूटर काढून तिला आणायला उभी असायची, थंडीत मफलर गुंडाळून. मी दूध आणायला जाताना ते बघायची. तीनशे पावलांवरून कुणी कुणाला उगाच आणत नाही. पण कळलं म्हणून बोलायचं असं थोडंच असतं? मी ठरवून टाकलं, आपण विचारायचं नाही, त्यांनी सांगायचं नाही, आणि दर तीन महिन्यांनी मी कारण द्यायचं.

आणि काय काय कारणं दिली मी! पित्ताशय झाल्यावर कावीळ दिली. कावीळ बरी झाली की गुडघा. मग डोळ्याचा पडदा. मध्ये एकदा तिला आयटीआयच्या कोर्सला घातलं. एकदा तिच्या गल्लीत पुराचं पाणी शिरवलं. तिसऱ्या वर्षी तिची आई गेली असं लिहिलं, घरी सांभाळणारं कुणी नाही म्हणून इथे. घरी जेवताना मी हे सगळं नवऱ्याला रंगवून सांगायची. तो म्हणायचा, “तुझ्या हाती पडल्यापासून त्या बाईची तब्येत काही धड राहिली नाही बघ.” आम्ही पोट धरून हसायचो. मिक्सरवालीला मी हे कधी सांगितलं नाही. सिस्टर सह्या करायची, वाचायची की नाही कोण जाणे. मला मात्र वाटायचं, आपण केवढं पुण्याचं काम करतो आहोत, आणि तेही गाजावाजा न करता.

सहाव्या-सातव्या वर्षी त्यांच्याकडे रविवारी दुपारी बायका जमू लागल्या. पाच-सहा जणी. दोन कॉलेजातल्या मुली, एक अंगणवाडीतली ताई, एक घर सोडून आलेली पोरगी, आणि कोर्टाबाहेर टेबल टाकून शपथपत्रं टाइप करणारी एक जण. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, आणि जिला जन्मापासून मुलगा म्हटलं गेलं पण जी मुलगी होती अशी ती टायपिस्ट. त्यांच्याकडे एक सामाईक मोबाइल होता. कुठल्या मुलीला घरी कोंडलं, कुणाचं जबरदस्तीनं लग्न लावतायत, कुणाला बापानं मारलं, की सीहोर, विदिशा, कुठून कुठून त्या फोनवर घंटी यायची. मग या जणी बसनं जायच्या, मुलीला भेटायच्या, दवाखान्यात न्यायच्या, ठाण्यात बसायच्या. त्यांना कुणी पगार देत नव्हतं की बक्षीस. बसायला जागा म्हणून सिस्टरचं क्वार्टर.

सिस्टर मला म्हणाली, “ताई, तुम्ही एकदा येऊन जा ना. आमच्या पोरींना अर्ज लिहायला शिकवा.” अर्ज म्हटल्यावर मी गेले. आणि जाताच तोंडावर पडले. टायपिस्टशी ओळख करून दिली, तिनं नाव सांगितलं, आणि मी विचारलं, “वो तो ठीक है, असली नाम क्या है?”

ती माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाली, “यही है, आंटी. आपका असली क्या है?”

मला राग आला. खरं सांगायचं तर आधी आंटी म्हटल्याचाच आला. घरी येईपर्यंत चडफडत होते. भाजी चिरताना मात्र लक्षात आलं की माझंही नाव लग्नात बदललं होतं आणि गेल्या पंचवीस वर्षांत माझं खरं नाव कुठलं असं मला एकाही माणसानं विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी जाऊन मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “चलिए, अब अर्ज सिखाइए.”

मी शिकवलं. अर्जात रडायचं नाही, तारीख आणि वेळ लिहायची, दोन प्रती काढायच्या आणि शिक्का मारून एक प्रत परत घेतल्याशिवाय जागचं उठायचं नाही. एका मुलीला भावानं कोंडलं होतं आणि तिची सगळी सर्टिफिकेटं दडवली होती. तिच्यासाठी मी त्यांच्याबरोबर एका ठाण्यातही गेले, निगमाचं ओळखपत्र गळ्यात घालून. तीन तास बाकावर शेंगदाणे खात बसलो. हवालदार अर्ज घेईना. मी दर दहा मिनिटांनी उठून तेच म्हणायची, “भैया, रिसीविंग दे दीजिए, हम चले जाएँगे.” शेवटी कंटाळून त्यानं शिक्का मारला. त्या मुलीची सर्टिफिकेटं आठ दिवसांत मिळाली. तेव्हापासून मला त्या पोरी ‘रिसीविंगवाली आंटी’ म्हणू लागल्या आणि आंटी या शब्दावरचा माझा राग गेला.

हे सगळं चाललं होतं आणि त्याच्या जोडीनं माझी कारणंही चालली होती. त्यांच्यात जाऊन बसत होते, चहा पीत होते, तरी तिमाही आली की टपोऱ्या अक्षरात नवा आजार लिहीत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नवव्या वर्षी नवा इस्टेट अधिकारी आला. तरुण होता, नीट बोलायचा, आणि त्याला एक विचित्र खोड होती. तो फायली वाचायचा. वरचं पान नाही, खालपासून. लांब मुक्कामाच्या पाहुण्यांची यादी त्यानं मागवली आणि चौथ्या दिवशी मला आत बोलावलं.

“मैडम, इन सिस्टर की जो मौसेरी बहन हैं, इनकी माताजी का देहांत दो बार हुआ है.”

“जी सर?”

“एक बार तीसरे साल में, एक बार सातवें में. दोनों बार कार्तिक में.”

तो हसला असता तर मीही हसले असते. तो हसला नाही. इतक्या आजारांत, इतक्या कोर्सांत आणि पुरांत माझा हिशेब चुकला होता. एकाच बाईला मी दोनदा मारलं होतं.

“ये फॉर्म किसने भरे हैं?” त्यानं विचारलं. “सिस्टर के दस्तखत की लिखावट तो अलग है.”

मी म्हटलं, “पता नहीं, सर.”

असं म्हणायला मला क्षणही लागला नाही. तोंडातून निघूनच गेलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. त्याचं कारण तेवढंच.

सिस्टरला नोटीस निघाली. खोटी माहिती देऊन बाहेरच्या व्यक्तीला क्वार्टरमध्ये ठेवलं, तरी क्वार्टर रद्द का करू नये आणि तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, सात दिवसांत उत्तर द्या. ती नोटीस माझ्याच टेबलावरून निघाली. मसुदा मी केला, जावक क्रमांक मी टाकला, आणि शिपायाच्या हाती लिफाफा मी दिला. सिस्टरची नोकरी अजून पंधरा वर्षं होती. क्वार्टर गेलं तर घर जाणार, कारवाई झाली तर नोकरीवर डाग, आणि त्या मोबाइलवर फोन करणाऱ्या पोरींना यायला जागा राहणार नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी पत्ता नीट लिहिला, पिनकोडसकट.

मग मी जे मला येतं ते केलं. घरी बसून सिस्टरच्या वतीनं उत्तर लिहिलं. काय सफाईदार उत्तर होतं! तिसऱ्या वर्षी वारली ती सावत्र आई, सातव्या वर्षी वारली ती सख्खी. नोंदीत स्पष्ट न लिहिल्यामुळे गैरसमज झाला. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. रविवारी ते घेऊन मी जवळजवळ मिरवतच सिस्टरकडे गेले. सगळ्या जमल्या होत्या. मिक्सरवाली कोपऱ्यात जमिनीवर बसून कुणाच्या तरी मिक्सरचं भांडं उघडत होती.

“पढ़ के सुनाओ, दीदी,” ती म्हणाली.

मी वाचलं. सावत्र आईपर्यंत आले तेव्हा तिचे हात थांबले.

“मेरी माँ को आपने मारा है?”

“अरे, सिर्फ़ काग़ज़ पे.”

“दो बार?”

“ग़लती से.”

ती स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून सावकाश बोलली. तिला रागानं बोलता येत नव्हतं असं नाही, बाजारात गिऱ्हाइकांशी भांडताना मी तिला ऐकलं होतं. त्या दिवशी ती सावकाश बोलली. “मेरी माँ ज़िंदा है. इटारसी में है. कोई पूछता है तो बोलती है, मेरे दो लड़के हैं बस. मुझे गिनती नहीं. बारह साल हो गए. पर मैंने उसको किसी के सामने नहीं मारा, दीदी. कभी नहीं. कोई पूछता है तो मैं बोलती हूँ, है, मेरी माँ है.”

मी सिस्टरकडे पाहिलं. ती रडत होती. म्हणाली, “मी वाचलं होतं ताई, तेव्हाच. तुम्ही आमच्यासाठी एवढं करत होता, तर कसं बोलू. हिला नाही सांगितलं.”

टायपिस्टनं माझ्या हातातला कागद घेतला, पुन्हा एकदा वाचला आणि विचारलं, “आंटी, नौ साल में एक बार भी आपने इनसे पूछा, क्या लिखूँ?”

आता मला गप्प बसता आलं असतं. पण माझा स्वभाव तसा नाही. मी भडकले. मी नसते तर पहिल्याच तिमाहीत बाहेर पडला असतात, म्हटलं. उपकार केले ते राहिले बाजूला, वर मलाच उलटतपासणी, म्हटलं. ‘उपकार’ हा शब्द मी खरोखर उच्चारला. मराठीत उच्चारला, पण तो त्यांना सगळ्यांना समजला. कागद पर्समध्ये कोंबून मी निघून आले.

घरी नवरा पेपर वाचत होता. मी सगळं सांगितलं, त्यांच्या कृतघ्नपणासकट. मला वाटलं तो काहीतरी टोमणा मारेल आणि आम्ही हसून मोकळे होऊ. त्यानं चष्मा काढला.

“फॉर्मवरचं अक्षर तुझं आहे ना?”

“हो.”

“मग नोटिशीचं उत्तर सिस्टर का देते आहे?”

मी स्वयंपाकघरात निघून गेले. इतकी वर्षं मी समजत होते की मी त्या दोघींना लपवून ठेवते आहे. लपवत होते ते मला स्वतःला. त्यांचं नाव वाचवायचं आणि माझं कुठेच येऊ द्यायचं नाही, असं ते अंग राखून केलेलं काम होतं. मला स्वतःची फार शरम वाटली.

बुधवारी सिस्टर उत्तर घेऊन आली. टायपिस्टनं टाइप केलेलं एक पान. बरोबर त्या पाचही जणी. ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर ओळीनं बसल्या, टिफिन घेऊन, चिठ्ठ्याचपाट्यांसाठी येणारी सगळी वसाहत त्यांच्याकडे बघत असताना. मिक्सरवालीही गाळा बंद करून आली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी पान वाचलं. त्यात लिहिलं होतं की ही माझी पाहुणी नाही, जोडीदार आहे, आम्ही दोघी नऊ वर्षं एक घर म्हणून राहतो. फॉर्मवरची कारणं खोटी होती, त्याखाली सही माझी आहे, तरी जबाबदारी माझी. माझ्या घरच्या माणसांत तिचं नाव नोंदवावं. खाली दोघींच्या सह्या. फॉर्म भरणारीचा, म्हणजे माझा, उल्लेख कुठेही नव्हता. सहानुभूती हा शब्दही नव्हता.

“रिसीविंग, आंटी,” टायपिस्ट म्हणाली. मी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला.

त्या उत्तरावर नोट लिहायचं काम माझं. फाईल समोर घेतली. एवढ्या वर्षांत नोटशीटवर लिहिताना माझा हात कधी अडला नव्हता, त्या दिवशी अडला. मग लिहिलं. की फाईलमधले पाहुण्यांचे सगळे फॉर्म माझ्या हस्ताक्षरात आहेत. कारणं मी रचली आहेत. अर्जदार पहिल्याच दिवशी खरं लिहून आली होती, ते मी लिहू दिलं नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. अर्जदाराचं म्हणणं मान्य करावं अशी माझी शिफारस आहे. लिहून झाल्यावर मी फाईल शिपायाकडे दिली नाही. स्वतः उचलून आत नेली आणि तो वाचेपर्यंत उभी राहिले.

तो दोनदा वाचून म्हणाला, “ये आपकी रिश्तेदार हैं?”

“नहीं, सर.”

“तो फिर आपने क्यों किया? और अब क्यों लिख रही हैं?”

मला मोठं काही सुचलं नाही. मी म्हटलं, “मैं इतवार को इनकी बैठक में जाती हूँ, सर.”

बाहेर दार उघडंच होतं. व्हरांड्यातल्या बाकावर सगळं ऐकू गेलं असणार.

तो अधिकारी वाईट नव्हता. त्यानं वर विचारणा केली, दोन पत्रं लिहिली. पण शेवटी उत्तर यायचं तेच आलं. नियमात तरतूद नाही. सिस्टरला ताकीद देऊन सोडलं, नोकरीला धक्का लागला नाही. पाहुणीनं पंधरा दिवसांत क्वार्टर सोडावं. मला लेखी समज मिळाली आणि महिन्याच्या शेवटी माझी बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली, जुन्या फायली आणि झुरळांच्या संगतीत. सिस्टरला क्वार्टर ठेवता आलं असतं, एकटीनं. आदेश मिळाला त्याच दुपारी तिनं ते सोडत असल्याचा अर्ज दिला. कोलार रोडकडे त्यांना दोन खोल्या मिळाल्या, वर, पत्र्याच्या. टायपिस्टनं शोधल्या. पुढच्या रविवारची बैठक तिथे ठरली आणि मला निरोप आला की आंटींना म्हणावं, येताना चटई आणा, बसायला काही नाही. मी तो निरोप दोनदा विचारून खात्री करून घेतला.

क्वार्टर ताब्यात घ्यायला जाणं हे त्या टेबलावरचं माझं शेवटचं काम. हातात यादी घेऊन खोल्या तपासायच्या. पंखे दोन, होल्डर पाच, नळ तीन, खिडकीच्या काचा. रिकाम्या क्वार्टरमध्ये आवाज घुमत होता. यादीत जे जे ‘बंद’ म्हणून लिहिलेलं होतं ते चालू होतं. निगमाच्या पंख्यांच्या मोटारींचं वाइंडिंगसुद्धा तिनं नव्यानं भरलं होतं. सिस्टर खिडकीशी उभी होती. मिक्सरवाली झाडू मारत होती. जी जागा सोडायची ती झाडून का द्यायची, असं मी म्हणणार होते, पण नाही म्हटलं.

सोडल्याच्या फॉर्ममध्ये अगदी खाली एक ओळ असते. क्वार्टर सोडणाऱ्या कुटुंबातली माणसं, नाव आणि संबंध. ती ओळ कुणी वाचत नाही. मी शेकडो वेळा ती न विचारता भरली असेल. त्या दिवशी पेन उघडून मी थांबले आणि मिक्सरवालीकडे पाहिलं.

“क्या लिखूँ?”

तिनं झाडू भिंतीला टेकवला. जवळ येऊन फॉर्म वाचला, वरपासून खालपर्यंत, घाई न करता.

“दो लिखो,” ती म्हणाली. मग सिस्टरकडे वळली. “संबंध में क्या बोलते हैं तुम्हारे यहाँ?”

“जोडीदार,” सिस्टर म्हणाली.

फॉर्म हिंदीत होता. मी तो शब्द तसाच लिहिला. दोघींनी सह्या केल्या, मिक्सरवालीनं बोट पँटला पुसून.

अधिकाऱ्यानं तो फॉर्म वाचला. तो सगळंच वाचायचा. शेवटच्या ओळीशी त्याचा पेन जरा वेळ थांबला, मग त्यानं सही केली आणि शिक्का मारायला माझ्याकडे सरकवला. निगमानं त्या दोघींना एक घर मानलं ते त्या एका कागदावर, त्यांनी घर सोडलं तेव्हा.